हार्ड डिस्क कोरी करण्यापूर्वी

केळशी हे दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. गावाजवळ भारजा नदीची खाडी आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. महालक्ष्मीचे देऊळ आहे. इथल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी मुंबईला असते. चैत्रात देवीची यात्रा भरते, भाद्रपदात गणपती येतात. तेव्हा हे चाकरमानी गावी येतात. पूर्वी त्यांच्याबरोबर ट्रंक यायची, वळकटी यायची. आता पिशवीत एक चपटी काळी डबीही असते. पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडी मोठी. तिला एक लहानशी केबल असते. ही डबी म्हणजे हार्ड डिस्क.

हिच्यात काय असते? लग्नाचे फोटो असतात. बारशाचे चित्रण असते. आजीचा आवाज असतो. घराच्या जुन्या कागदांचे फोटो असतात. एका डबीत सगळ्या घराण्याची आठवण मावते.

मुलगा डबी घरी ठेवून मुंबईला परत जातो. पुढे कोणाला तरी फोटो बघावेसे वाटतात. डबी गावातल्या संगणकाला जोडतात. आणि काय होते? फोटो दिसत नाहीत. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट येते. तिचा अर्थ असा : 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?'

या प्रश्नाला 'हो' म्हटले की काय होते, ते आपण या पाठात पाहू. संगणक तुमच्या घरी नसेल. तुम्ही स्वतः त्याला हात लावत नसाल. तरी हे समजून घ्या. डबी तुमची आहे. दुकानात संगणकापुढे बसणारा मुलगा तुम्हाला विचारील, 'फॉरमॅट मारू का?' त्याला उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे.

डबीच्या पोटात

आधी डबी आतून कशी असते ते पाहू. तिच्यात गुळगुळीत, आरशासारख्या तबकड्या असतात. ग्रामोफोनची तबकडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तशाच ह्या, पण खूप लहान. पुष्कळ डब्यांतल्या तबकड्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात. तबकडीवर एक बारीक टोक फिरते. ते तबकडीला टेकत नाही. दोहोंमधली फट आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान असते. म्हणून चालू डबी हातातून पडली तर मोठे नुकसान होते.

तबकडीवर लोहचुंबकाच्या बारीक खुणा असतात. त्या खुणा दोनच तऱ्हेच्या. एका तऱ्हेला शून्य म्हणायचे, दुसऱ्या तऱ्हेला एक. अशा खुणांच्या ओळींतून अक्षर बनते, फोटो बनतो, गाणे बनते. तारयंत्रात 'कट्ट' आणि 'कड' अशा दोनच आवाजांतून सगळी बातमी जात असे. तसेच हे समजा.

असले पहिले यंत्र अमेरिकेत आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. त्यात ५० तबकड्या होत्या. एकेक तबकडी दोन फूट रुंद. सगळ्या यंत्राचे वजन जवळजवळ एक टन. आणि त्यात मावत होती ५० लाख अक्षरे. आज हातात मावणाऱ्या १ टीबीच्या डबीत एक लाख कोटी अक्षरे मावतात. म्हणजे त्या जुन्या यंत्राच्या दोन लाख पट! त्यात गंमत अशी, की डबीच्या खोक्यावर १००० जीबी लिहिलेले असते आणि विंडोजचा संगणक ९३१ दाखवतो. दुकानदाराने फसवले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. खोक्यावरचा हिशेब हजाराच्या पटीत असतो. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. माल तेवढाच, माप वेगळे. हा ९३१ चा आकडा लक्षात असू द्या. पुढे तो उपयोगी पडेल.

आता काही नव्या डब्यांत तबकड्या नसतात. त्यांना एसएसडी म्हणतात. त्यांच्यात फिरणारे काही नाही. पण फॉरमॅटची गोष्ट दोहोंना सारखीच लागू आहे.

फॉरमॅट म्हणजे काय?

वाण्याची खतावणी तुम्ही पाहिली असेल. वही नवी आणली की तो लगेच उधारी लिहीत नाही. आधी पानांवर आकडे घालतो. रेघा आखतो. पहिली काही पाने अनुक्रमणिकेसाठी सोडतो. अमक्याचे खाते पान १२ वर, तमक्याचे पान ४० वर. मग खाते काढायला वेळ लागत नाही.

हार्ड डिस्कचेही तसेच आहे. नुसत्या तबकडीवर काही लिहून भागत नाही. कोणता फोटो कुठे ठेवला याची अनुक्रमणिका लागते. कोणती जागा भरली, कोणती रिकामी, याची नोंद लागते. ही आखणी करणे म्हणजे फॉरमॅट करणे.

नव्या वहीवर आखणी केली तर काही बिघडत नाही. पण भरलेल्या वहीवर आखणी केली तर? जुनी अनुक्रमणिका फाडून नवी कोरी अनुक्रमणिका लावली, असे होते. वाण्याची उधारी बुडाली!

म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फॉरमॅट ही दुरुस्ती नाही. पुष्कळ लोक म्हणतात, 'डिस्क बिघडली, फॉरमॅट मारला की ठीक होईल.' डिस्क ठीक होईलही. पण ती कोरी होऊन ठीक होईल.

मग ती चौकट का येते?

आता खरा प्रश्न. मुंबईत मुलाच्या संगणकावर तीच डबी नीट चालत होती. मग गावात का चालत नाही? एसटीच्या धक्क्यांनी बिघडली का? बिघडतेही कधी. पण बहुतेक वेळा डबी चांगली असते. तिची आखणी गावच्या संगणकाला वाचता येत नाही, एवढेच.

इथे आपल्या मोडी लिपीची आठवण होते. कोकणातल्या जुन्या घरांत मोडी कागद अजून सापडतात. गहाणखते, वाटपपत्रे, पावत्या. भाषा मराठीच. पण १९५० च्या सुमारानंतर मोडीचा वापर सरला. नंतरच्या पिढीला ते कागद वाचता येईनात. म्हणून ते कागद कोरे झाले का? नाही. मोडी जाणणारा माणूस आजही ते वाचून दाखवतो. पण कित्येक घरांत 'काय हे किडे-मकोडे!' म्हणून असले कागद चुलीत गेले. त्याबरोबर जमिनीचे पुरावेही गेले.

संगणक नेमके हेच करू बघतो. त्याला आखणी वाचता येत नाही. तो म्हणतो, 'इथे मला समजेल असे काही नाही. कोरी करून नव्याने आखू का?' आत काहीच नाही असे तो सांगत नाही. 'मला समजेल असे नाही' एवढेच त्याचे म्हणणे असते. पण पडद्यावरची भाषा इतकी हुकमी असते, की माणसाला वाटते, दुसरा मार्गच नाही. आमच्या मते त्या चौकटीतली ही भाषा अगदी वाईट आहे. तिने किती घरांचे फोटो पुसले असतील!

केळशीच्या लोकांना आणखी एक उदाहरण घराजवळच आहे. किनाऱ्यावर वाळूची मोठी टेकडी आहे. आपल्याला ती नुसती वाळू दिसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचे थर तपासले. त्यांना त्यात जुन्या वस्तीच्या खुणा दिसल्या, समुद्राच्या उलथापालथीचा माग लागला. वाळू तीच. वाचणारा वेगळा.

आखणीचे चार प्रकार

संगणकाच्या जगात अशा आखण्या पुष्कळ आहेत. आपल्याला चार माहीत असल्या म्हणजे पुरे.

विंडोजच्या संगणकाची आपली आखणी आहे. तिला एनटीएफएस म्हणतात. ती १९९३ सालापासून आहे. गावात, पंचायतीत, सेवा केंद्रात बहुधा विंडोजचाच संगणक असतो.

दुसरा संगणक ॲपल कंपनीचा. त्याला मॅक म्हणतात. मुंबईत चित्रे काढणारे, चित्रण जोडणारे, मोठ्या कचेऱ्यांत काम करणारे लोक तो वापरतात. मॅकची जुनी आखणी एचएफएस प्लस, १९९८ ची. नवी एपीएफएस, २०१७ ची.

आता गंमत पाहा. मॅकला विंडोजची आखणी वाचता येते, पण तिच्यात लिहिता येत नाही. फोटो दिसतील, नवा फोटो ठेवता येणार नाही. उलट, विंडोजला मॅकची आखणी वाचतासुद्धा येत नाही. ती वाचणारा वेगळा प्रोग्राम विकत मिळतो, पण तो दर संगणकात नसतो. म्हणून मॅकवर भरलेली डबी गावच्या विंडोजला जोडली, की ती चौकट येते. कधी तर चौकटही येत नाही, डबीचे नावच दिसत नाही.

तिसरी आखणी फॅट-३२. ही जुनी, १९९६ सालची. ती जवळजवळ सगळ्यांना वाचता येते. जुना टीव्ही, गाडीतला गाण्यांचा खोका, सगळ्यांना. पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लग्नाच्या चित्रणाची एकच फाइल सहज त्याहून मोठी असते. मग डबीत जागा भरपूर, तरी फाइल आत जात नाही. लोक बुचकळ्यात पडतात.

चौथी आखणी एक्सफॅट. ही मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००६ साली काढली. विंडोजला ती वाचता येते आणि लिहिता येते. मॅकला २०१० पासून येते. लिनक्स नावाची फुकट मिळणारी तिसरी व्यवस्था आहे, तिच्यातही २०१९ पासून तिची सोय झाली आहे. हिच्यात मोठ्या फाइलीही मावतात. म्हणून जी डबी मुंबईच्या मॅकवर आणि गावच्या विंडोजवर, दोन्हीकडे चालवायची, तिच्यासाठी एक्सफॅट बरी. मोडी आणि बाळबोध ह्यांच्या भांडणात ही दोघांनाही वाचता येणारी लिपी समजा.

काकूंचा प्रश्न

समजा, केळशीच्या एक काकू डबी घेऊन दुकानात आल्या आहेत. तिच्यात त्यांच्या वाडीचे जुने फोटो आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. घरांची छपरे उडाली. कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. काकूंची वाडीही गेली. वादळाआधीची वाडी आता या फोटोंतच उरली आहे. आणि त्या वाडीत उभे असलेले त्यांचे यजमानही. ते आता हयात नाहीत.

दुकानातल्या मुलाने डबी जोडली. चौकट आली.

"काकू, डिस्क खराब दिसते. फॉरमॅट मारायला लागेल."

"मारलास म्हणजे काय होईल रे?"

"काय होणार, चालू होईल."

"ते झालं. पण आतले फोटो राहतील का?"

मुलगा थांबला. "नाही, फोटो राहणार नाहीत."

"मग मारू नकोस बाबा. आहे तशी काढून दे."

पोरगा खोटे बोलला नव्हता. फॉरमॅटनंतर डबी चालू झालीच असती. पण काकूंना डबी चालायला नको होती, फोटो हवे होते. 'आतले राहील का?' हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून फोटो वाचले. हाच प्रश्न तुम्हीही विचारा.

स्वतः संगणकापुढे असाल तर? विंडोजच्या त्या चौकटीत दोन बटणे असतात. डावीकडचे 'फॉरमॅट डिस्क'. उजवीकडचे 'कॅन्सल'. कॅन्सल म्हणजे रद्द. उजवीकडचे दाबा. चुकून डावीकडचे दाबले गेले तरी लगेच घाबरू नका. एका दाबण्याने काही पुसले जात नाही. आणखी एक चौकट उघडते. तिच्यात 'स्टार्ट' हे बटण असते. ते दाबले तर पुन्हा ताकीद येते, की सगळे पुसले जाईल. म्हणजे आत जायला तीन दारे आहेत. तिसरे दार ओलांडेपर्यंत परत फिरता येते.

मॅकवर चौकट निराळी असते. तिच्यात तीन बटणे येतात : इजेक्ट, म्हणजे डबी बाहेर काढा. इग्नोअर, म्हणजे दुर्लक्ष करा. आणि इनिशियलाइज. हे तिसरे बटण फॉरमॅटकडे नेते. ते टाळावे.

आधी नक्कल, मग फॉरमॅट

आता काकूंच्या डबीचे पुढे काय करायचे? फोटो तर गावात बघायचे आहेत. त्याला मार्ग आहे, पण त्याचा क्रम ठरलेला आहे.

डबी ज्या संगणकावर भरली, त्याच जातीच्या संगणकाला ती जोडायची. मॅकवर भरली असेल तर मॅकला. म्हणजे ती मुंबईला परत जाईल, किंवा सुट्टीत कोणी मॅकचा लॅपटॉप घेऊन येईल तोवर थांबायचे. तिथे तिच्यातले सगळे दुसऱ्या जागी उतरवून घ्यायचे. उतरवून म्हणजे नक्कल करून. नक्कल करताना मूळ हलवायचे नाही, मूळ जागेवरच राहू द्यायचे.

नक्कल झाली असे पडदा सांगतो. त्यावर विसंबू नका. धान्य मोजून घेतो तसे मोजून घ्या. मूळ डबीत फाइली किती? नकलेत किती? मूळ किती जीबी? नक्कल किती? आकडे जुळले तरी पाच-दहा फोटो उघडून पाहा. पहिला पाहा, शेवटचा पाहा, मधले चार पाहा. चित्रण असेल तर शेवटपर्यंत सरकवून पाहा. नाव दिसते आणि आत काही नाही, असेही होते.

बने तर दोन नकला करा. फॉरमॅट करताना डबीच दगा देऊ शकते. मग एकच नक्कल उरते, आणि एकुलत्या एका नकलेचा भरवसा फार नाही.

हे सगळे झाले की फॉरमॅट. त्याला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. बाकीच्या सगळ्या डब्या आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा. संगणकाला एकच डबी जोडलेली असू द्या. संगणकाची स्वतःचीही डिस्क असते, तिला हात लावायचा नाही. आपली डबी कोणती हे आकड्यावरून ओळखा. १ टीबीची डबी विंडोजमध्ये ९३१ दाखवील, हे आपण पाहिलेच. आत आपलीच फोल्डरे आहेत का तेही जिथे दिसते तिथे बघून घ्या.

विंडोजवर डबीच्या चित्रावर उंदराचे उजवे बटण दाबतात. यादी उघडते. तिच्यात 'फॉरमॅट' असते. मग 'फाइल सिस्टीम' या ओळीत एक्सफॅट निवडतात. डबीला नाव देतात. 'क्विक फॉरमॅट' या चौकोनात बहुधा बरोबरची खूण असते, ती तशीच राहू देतात. मग स्टार्ट. मॅकवर 'डिस्क युटिलिटी' नावाची सोय आहे. तिच्यात वरून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडायचे, म्हणजे पुरी डबी दिसते. तिच्यावर बोट ठेवून 'इरेज' दाबायचे. प्रकार एक्सफॅट आणि 'स्कीम' या ओळीत 'जीयूआयडी' निवडायचे. ही स्कीमची ओळ पुष्कळ जण विसरतात.

नंतर फोटो परत डबीत भरायचे. डबी आधी मॅकवर आणि मग विंडोजवर लावून बघायची. दोन्हीकडे फोटो उघडले, म्हणजे काम झाले.

एक्सफॅटला कीर्द नाही

एक्सफॅटचे गुण सांगितले. आता एक दोष. केळशीसारख्या गावाला तो जास्त बाधतो.

नीट हिशेब ठेवणारा दुकानदार आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी. मध्येच दिवा गेला, खतावणी अर्धी राहिली, तर कीर्द पाहून ती पुरी करता येते. विंडोजची एनटीएफएस आणि मॅकची एचएफएस प्लस ह्या अशी कीर्द ठेवतात. एपीएफएसची तऱ्हा निराळी आहे, पण तीही जुनी नोंद राखून मगच नवी पक्की करते. एक्सफॅटला कीर्द नाही. ती एकदम खतावणीतच लिहिते. लिहिता लिहिता वीज गेली किंवा कोणी केबल ओढली, तर अनुक्रमणिका अर्धी राहते. कधी एक फाइल जाते. कधी सगळी डबीच 'मला फॉरमॅट करा' म्हणून बसते.

म्हणून पावसाळ्यात, वारा सुटला असताना, विजा चमकत असताना डबीत काही भरू नये. टेबलावरच्या संगणकापेक्षा बॅटरीचा लॅपटॉप बरा. वीज गेली तरी तो चालू राहतो. आणि काम झाल्यावर केबल एकदम ओढू नये. आधी संगणकाला सांगावे, 'डबी काढतो आहे.' विंडोजवर आणि मॅकवर दोन्हीकडे त्याला 'इजेक्ट' म्हणतात. संगणक 'आता काढा' म्हणाला की मग काढावी.

ज्याचे सगळे काम विंडोजवरच आहे, मॅकशी संबंध नाही, त्याने एक्सफॅटच्या मागे लागू नये. त्याला एनटीएफएसच चांगली. शेजाऱ्याने केले म्हणून आपणही करावे, असे हे काम नाही.

चुकून फॉरमॅट झाला तर

तिन्ही दारे ओलांडून कोणी फॉरमॅट मारलाच, तर? तरीही एक आशा असते.

क्विक फॉरमॅट म्हणजे झटपट फॉरमॅट. त्यात फक्त अनुक्रमणिका जाते. आतली पाने बहुतेक तशीच राहतात. खतावणीची पहिली पाने फाटली, खाती आत आहेत, पण कोणाचे खाते कुठे ते कळत नाही. असे काम करणारे लोक पान न् पान चाळून फोटो परत जुळवतात. पण त्याला एक अट आहे. त्या डबीवर पुढे काहीही लिहिता कामा नये. एक नवे गाणेसुद्धा नको. नवे लिहिले की ते जुन्या पानांवर जाऊन बसते. म्हणून डबी लगेच काढावी, बाजूला ठेवावी, आणि जाणत्या माणसाकडेच द्यावी. शहरात हे काम करणारी दुकाने आहेत. खर्च हजारांत जातो, आणि सगळे मिळेलच असे कोणी सांगू शकत नाही. पुरा फॉरमॅट केला असेल तर आशा नाही. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून विंडोजचा पुरा फॉरमॅट सगळ्या डबीवर शून्ये लिहितो. एसएसडीतही आशा थोडीच. मोकळी झालेली जागा ती आपणच आतून पुसून टाकते.

याची दुसरी बाजूही आहे. झटपट फॉरमॅटने आतले जात नाही, म्हणजे जुनी डबी विकताना किंवा कोणाला देताना तो पुरत नाही. आत आधार कार्डाचे फोटो असतात, बँकेच्या पासबुकाचे असतात. ते दुसऱ्याला काढता येतात. तबकडीची डबी दुसऱ्याला द्यायची असेल तर 'क्विक' ची खूण काढून विंडोजवर पुरा फॉरमॅट करावा. त्याला कित्येक तास लागतात. लागू द्यावे.

जिथे फॉरमॅट कामाचा नाही

डबी जोडल्यावर आतून टक-टक आवाज येत असेल, तर दोष आखणीचा नाही, यंत्राचा आहे. अशी डबी पुन्हा पुन्हा जोडून बघू नये. दर खेपेला तबकडीवर ओरखडे पडायची भीती असते.

डबीचा दिवाच लागत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी. किनाऱ्यावरची हवा खारी. केबलच्या तोंडाला गंज चढतो. पुष्कळ वेळा डबी चांगली असते आणि दोनशे रुपयांची केबल खराब असते. डबी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावी. नव्या वस्तूंबरोबर ओल शोषणारी लहान पुडी येते, ती फेकू नये, त्या डब्यात टाकावी. देवघरात, समईशेजारी ठेवू नये. तिथे तेल असते, उष्णता असते.

आणखी एक प्रकार होतो. डबी उघडते, फाइलही उघडते, पण मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. जुन्या काळी मराठी टाइप करायच्या निरनिराळ्या पद्धती होत्या. त्या पद्धतीचा टाइप नव्या संगणकात नसला की असे होते. यालाही फॉरमॅट हा उपाय नाही. त्या जुन्या टाइपातला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम आहेत. ज्याने तो मजकूर टाइप केला, त्याला टाइपाचे नाव विचारावे. नाव कळले की अर्धे काम झाले.

शेवटी एक लहानसे काम तुमच्याकडे. डबीवर एक कागदी पट्टी चिकटवा आणि तिच्यावर आपल्या हाताने लिहा. कोणाची डबी. आत काय आहे. आखणी कोणती : एनटीएफएस, एक्सफॅट की मॅकची. कोणत्या तारखेला भरली. दुसरी नक्कल कोणाकडे आहे. ती दुसरी नक्कल त्याच घरात नको. डबी केळशीत असेल तर नक्कल मुंबईत मुलीकडे असावी. पट्टीवर पेनाची शाई ओलीने फुटते, म्हणून शिसपेन वापरा, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा.